संदर्भ: आई

३ फेब्रुवारी

आज पुन्हा एक रत्न! ऑनलाइन विश्वकोशावर कुणीतरी आपल्या गावच्या काडेपेटीच्या कारखान्यावर लेख टाकलाय. पहिलंच वाक्य — "हा कारखाना फार जुना व छान होता व आग लागून त्यात सतरा बायका मेल्या कारण दाराला बाहेरून कडी." संपलं. क्रियापद बहुधा आगीतच गेलं.

तळाशी — "संदर्भ: आई."

चाळीस वर्षं वर्तमानपत्रात प्रूफं तपासली, असला संदर्भ पाहिला नाही. 'हटवावा' अशी पाटी लावली. सात दिवस चर्चा, मग बटण दाबायचं. बटण माझ्याकडे आहे.

४ फेब्रुवारी

लेखिकेचं उत्तर. नाव घेतलंय 'मधली' — तीन बहिणींतली मधली म्हणे. "सर, माझी मावशी त्यात गेली. आई त्या दिवशी तापानं घरी होती म्हणून वाचली. मला नीट लिहिता येत नाही, तुम्ही नीट करा पण काढू नका. दुसरीकडे कुठंच नाहीये हे."

दुसरीकडे कुठेच नाही म्हणूनच काढायचं, बाई! तसंच लिहून पाठवलं. 'बाई' तेवढं गाळलं.

५ फेब्रुवारी

बायको खांद्यावरून डोकावली. "रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी." मग वाचायलाच लागली, अगदी शेवटपर्यंत. "अहो, भाषा वाईट आहे तर सुधारा की. जन्मभर तेच केलंत."

म्हटलं, मी शुद्धलेखन सुधारतो, थापा नाही.

"थाप कशावरून? तेव्हा तुम्ही पेपरातच होतात ना?"

फार प्रश्न विचारते.

७ फेब्रुवारी

हटवा — चार. ठेवा — एक, ती अर्थात मधली. आमच्यात एक निवृत्त प्राध्यापक आहेत, नियम तोंडपाठ. त्यांनी जुन्या वर्तमानपत्राचा हवाला दिला: मृत तीन. छापील आहे म्हटल्यावर बोलणंच खुंटलं.

मधली गप्प बसेल तर शपथ. "मग बाकीच्या चौदा जणी घरी का नाही आल्या, ते पण छापलंय का?"

दिवसभर दुसरं काही सुचलं नाही. या वाक्यात चूक काढता येत नाही.

८ फेब्रुवारी

ग्रंथालयात गेलो. जुन्या अंकांचे बांधीव खंड तळघरात. ग्रंथपाल बाईंनी खुर्ची पुसून दिली. एक्केचाळीस वर्षांपूर्वीचा अंक, आमचाच. पान एक, खालचा कोपरा, सात ओळी. 'दुर्दैवी अपघात.' मृत तीन. कडीचा पत्ता नाही.

खंड मिटून बसून राहिलो. बाई पाणी घेऊन आल्या. "काका, बरं वाटत नाही का?" अगदी छान वाटतंय म्हटलं. खोटं बोलायला मला वेळ लागत नाही.

९ फेब्रुवारी

बायकोवर खेकसलो. कारण नव्हतं.

१० फेब्रुवारी

लिहूनच टाकतो. माझ्या टेबलावर आलेल्या प्रूफात सतराच होते. कडी होती. सतरा जणींची नावंही होती. कारखानदार आमच्या मालकांचे व्याही! मालक स्वतः टेबलापाशी आले — "तीन करा. नावं उडवा. जागा कमी आहे." मी 'हो' म्हणालो. लोक ध चा मा करतात, मी सतराचे तीन केले. समासात सही ठोकली आणि घरी जाऊन जेवलो. लाज वाटते. तेव्हा का नाही वाटली?

सकाळी हे सगळं चर्चेत लिहिलं, खाली खऱ्या नावानिशी. मत: ठेवा.

वीस मिनिटांत प्राध्यापकांनी लेख हटवला. बटण त्यांच्याकडेही आहे. शेरा — "वैयक्तिक आठवण ग्राह्य नाही. छापील संदर्भ तीनच सांगतो." मी लेख परत आणला. त्यांनी पुन्हा हटवला. संध्याकाळी माझं बटण काढून घेतलं.

११ फेब्रुवारी

मधलीचा निरोप: "सर, लेखाचं जाऊ द्या. त्या नावांत माझ्या मावशीचं होतं का? आईला सांगायचंय."

ती सतरा नावं मी अक्षर न् अक्षर तपासली होती. एकही आठवत नाही.