हार्परबाईंची खोली

विलेपार्ले (पूर्व),
ता. ८ एप्रिल १९८५

चि. सौ. सुगंधा हिला आयेचे पोटभर आशीर्वाद, आणि जावईबापू चंद्रप्रकाशरावांना नमस्कार.

इथे आम्ही सगळी धडधाकट. लवूचं पोट तेवढं पुढे आलंय. दिवसभर विमानांखाली वाकून काम करतो म्हणतो, मग ते पोट वाकताना जातं कुठे कोण जाणे.

अक्षर तू ओळखलंच असशील. मी सांगते आणि तुझी वहिनी लिहिते. नलिनी पडली साताऱ्याकडची, मी 'माका' म्हटलं की ती 'मला' लिहिते. वाचताना आपली आये एकदम मास्तरीण झाली असं वाटलं तर दचकू नको.

आमचं निघायचं मे महिन्याच्या सात तारखेला. लवूला कंपनीची फुकट तिकिटं मिळतात ना, ती. पण त्यांची एक गंमत आहे, विमानात जागा उरली तरच बसवतात. म्हणजे सगळं सामान घेऊन जायचं, आणि पैसेवाल्यांनी विमान भरलं की परत पार्ल्याला येऊन भात टाकायचा. तुझ्या भाचीने, अनुपमाने, शाळेत सगळ्यांना सांगून ठेवलंय, त्यामुळे तिची झोप उडाली आहे. बारा वर्षांची झाली, पण भूगोलाच्या पुस्तकात इंग्लंडच्या नकाशावर तुझं लेस्टर सापडत नाही म्हणून रडली.

माझा पासपोर्ट आला. तिथला साहेब म्हणाला, "आजी, सही करा." मी अंगठा पुढे केला. त्याने नाक मुरडलं. म्हटलं, "साहेब, तुमची सही रोज वेगळी येत असेल, माझा अंगठा जन्मापासून तोच आहे." मग हसला बिचारा.

आता राहायच्या सोयीचं. तुझं पत्र लवूने मोठ्याने वाचून दाखवलं. लवू, नलिनी आणि अनुपमा तुझ्याकडे, वरच्या खोलीत. आणि मी तुझ्यापासून तीन घरं सोडून हार्परबाईंच्या गेस्ट हाऊसमध्ये. कारण तू लिहिलंस, "आईला माझ्या घरचं अन्नपाणी चालत नाही, तिची कुचंबणा नको." वाचताना लवू इथे जरा अडखळला. त्याला म्हटलं, पुढे वाच.

पुढे तू सगळं नीट लिहिलंयस. खोलीत गॅसची शेगडी आहे. तू नवी पातेली आणि नवं ताट घेऊन ठेवलंयस, "माझ्या घरातलं एकही भांडं त्यात नाही." तांदूळही नवे, पिशवी न फोडलेली. एवढी व्यवस्था तर सरकार मंत्र्याचीसुद्धा करत नसेल. उत्तम आहे. आभारी आहे.

तू पाठवलेलं रंगीत कार्ड अनुपमाने मला समजावून सांगितलं. गुलाबी चादर, खिडकीत फुलं, आणि खुर्चीत बसलेली हार्परबाई, तिच्या मांडीवर कुत्रं. कुत्रं माझ्या खोलीत येणार नाही एवढं बघ. सकाळची न्याहारी बाई देणार म्हणे, त्यात अंडं. सोमवारी आणि गुरुवारी मी अंडं खात नाही, हे तिला इंग्रजीतून सांगून ठेव. तिला मराठी येत नाही, मला इंग्रजी येत नाही, म्हणजे आमचं भांडण व्हायची भीती नाही. सख्ख्या माणसांत एवढी सोय नसते.

येताना कोकमाची सोलं आणते. सुके बांगडे आणू म्हटलं तर लवू ओरडतो, "आये, तिकडे पेटी उघडतात, माझी नोकरी घालवशील." म्हणून मसालाच आणते. मसाल्याला कोण काय म्हणतं बघू.

हे निळं एअर लेटर संपत आलं. नलिनीचं अक्षर मोठं, माझं बोलणं त्याहून मोठं.

थंडीत कानाला बांधत जा.

तुझी,
आये


विलेपार्ले (पूर्व),
ता. ११ एप्रिल १९८५

सुगंधा बाय,

परवाचं पत्र पेटीत पडलं, नाहीतर काढून घेतलं असतं. ते आधी पोचेल. त्यात मी 'उत्तम आहे' म्हटलंय ते खोटं आहे. बांगड्यांचं खरं आहे.

झालं असं. पत्र चिकटवताना नलिनीने विचारलं, "आई, तुम्हाला खरंच त्या बाईंकडे राहायचंय?"

म्हटलं, "माझ्या राहण्याचा काय प्रश्न? लेकीला मूल होईपर्यंत आईबापाने तिच्या घरी पाणी पिऊ नये. रीत आहे."

"कुठे लिहिलंय?"

"सगळ्यांना माहीत असतं."

"मला दाखवा ना. मी वाचते." टपोरे डोळे करून बघत राहिली. साताऱ्याची आहे, सोडत नाही.

सुगंधा, मी काय दाखवणार? ज्यांना अक्षर येतं त्यांना निदान पुस्तक उलटून बघता येतं. आम्ही जे कानावर पडलं ते सगळं दगडावरची रेघ समजून बसलो. माझ्या आईने सांगितलं, तिला तिच्या आईने. कुणीच वाचलं नव्हतं गो.

माझी आई आचऱ्याहून मला बघायला आली होती, तेव्हा तू पोटात होतीस. पाच कोस चालून आली. मी दारात गूळपाणी घेऊन उभी. तिने स्वतःबरोबर आणलेलं शहाळं फोडलं आणि माझ्या अंगणात उभी राहून प्याली. मी आत जाऊन चुलीत फुंकर मारत बसले, म्हणजे डोळ्यांना पाणी कशाने आलं ते कुणी विचारलं नसतं. हे मला ठाऊक होतं. हे ठाऊक असताना मी तुझ्याशी तसंच वागले, म्हणून जास्त लागतं.

नलिनी, थांब जरा. चहा टाक. मग पुढचं.

(मधे सव्वा तास गेला. आता पुन्हा सांगतायत. नलिनी)

तुझं मुलुंडचं घर. एका खोलीचं, मोरी दाराला लागून. सातव्या महिन्यात तुझं पोटातलं गेलं. तुझे बाबा म्हणाले, "जा, लेकीजवळ बस." मी लालबागच्या चाळीतून आठ दिवस रोज आले. तुला न्हाऊ घातलं, पेज भरवली, तुझे केस विंचरले. आणि माझी भाकरी आणि पाण्याचा तांब्या घरून आणायचे, दुपारी जिन्यात बसून खायचे. शेजारीण म्हणाली, "सुगंधाची आई रीतीची पक्की हो." मला बरं वाटलं होतं. खोटं कशाला सांगू, बरं वाटलं होतं.

आठव्या दिवशी तू पहिल्यांदा उठलीस. भिंतीला धरून स्टोव्हपर्यंत गेलीस. मला वाटलं पाणी तापवतेस. तू चहा केलास, आणि कप माझ्यापुढे धरलास. कप बशीत वाजत होता.

आणि मी म्हटलं, "आता नको. तुझं पोर झालं की पिईन."

नलिनीने हे वाक्य लिहिलं नाही. पेन धरून नुसती बसून राहिली. तिला म्हटलं, लिही, पाप माझं आहे, तुझं फक्त अक्षर. तेव्हा लिहिलंय.

तू चहा मोरीत ओतलास, कप धुतलास, पालथा घातलास. मी घरी गेले. वाटेत मला कळलं मी काय बोलले. परत फिरायला हवं होतं. म्हटलं, उद्या जाईन. आणि दुसऱ्या दिवशी गेले नाही, तू आता उठतेस, चालतेस, असं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे तुझ्या तोंडाकडे बघायची छाती नव्हती.

तीन वर्षांनी तुम्ही विलायतेला गेलात. पत्रं लवूच्या नावाने यायची, शेवटी एक ओळ, 'आईस नमस्कार'. लवू ती ओळ नेहमी मोठ्याने वाचायचा, जणू तीच मोठी होती. तिकडेही तुला मूल झालं नाही. लोक विचारायचे, मी म्हणायचे देवाची इच्छा. मनात यायचं, माझं बोलणं तर लागलं नाही ना? देवावर ढकललेलं बरं असतं, तो काही बोलत नाही.

बाबा गेले तेव्हा तू आलीस. उतरलीस मुलुंडला, नणंदेकडे. आमच्याकडे रोज आलीस, दाराजवळच्या स्टुलावर बसलीस, आणि पाणी दिलं तर म्हणालीस, "उपास आहे." अकरा दिवस उपास, तोही निर्जळी? आणि तुझ्यासारख्या नर्सबाईने? मी मुकाट ग्लास आत नेला. रीत कुणाला शिकवली नाही असं कसं म्हणू, तुला बरोबर शिकवली होती.

आता तू माझ्यासाठी नवी पातेली आणलीस. त्या ओळीत मला राग शोधायचा होता. लवूला तीनदा वाचायला लावली. राग नाही सापडला, नुसतीच सोय सापडली. राग असता तर बरं झालं असतं. रागावलेल्या माणसाकडे हट्टाने जाता येतं. सोय करून ठेवलेल्या माणसाकडे कसं जायचं?

म्हणून सरळ सांगते. ती रीत मी मोडली. कुणाला विचारलं नाही. मूल झालं तर चालेल आणि नाही झालं तर लेक परकी, असं ज्याने ठरवलं त्याला स्वतःला लेक नसणार. मला तुझ्या घरी राहायचंय. तुझ्या हातचं खायचंय, तू बिघडवलेलंसुद्धा. तुझी भाजी नेहमी खारट व्हायची, नर्स झाल्यावर काही फरक पडला का बघायचंय.

लवूला काल सांगितलं. तो म्हणाला, "आये, आता ताईने बुकिंग केलंय, तिला अवघड वाटेल." म्हटलं, "अवघड तिला चौदा वर्षं वाटलं, तुला आज सुचलं." मग म्हणाला, "ताई हो म्हणाली तर मी जमिनीवर झोपेन." पोट घेऊन जमिनीवर झोपणार आहे, उठवायला दोन माणसं ठेव.

पण सुगंधा, घर तुझं आहे. चौदा वर्षांपूर्वी दार माझ्यासाठी उघडं होतं आणि मी जिन्यात बसले. आता ते उघडायचं की नाही, हे मी ठरवायचं नाही. तुला मला घरात बघवत नसेल तर तसं लिही. लाजू नको, नलिनी सगळं जसंच्या तसं वाचून दाखवेल, तिला मी शपथ घातली आहे.

नको म्हणालीस तरी मी येणार. हार्परबाईंच्या खोलीत राहीन, तिचं अंडं खाईन, गुरुवारी खाईन, तिच्या कुत्र्यालाही सहन करीन. रोज सकाळी तुझ्या दाराशी येईन आणि पायरीवर बसेन. तिकडे पाऊस फार म्हणतात, तर छत्री घेऊन बसेन. ड्यूटीवर जाताना तुला माझ्या बाजूने जावं लागेल. बोललीस तर बोल, नाही बोललीस तर मी तुझी पाठ बघेन. चौदा वर्षं तीही धड बघितली नाही.

जावईबापूंना सांग, सासूच्या मनात काही नाही, होतं ते सगळं या पत्रात आहे.

तुझ्या घरचं अजून पाणी न प्यालेली,
आये