जॅकवर घेतलेलं माप

आई-बाबा,

दादाच्या गाडीचा टायर फुटला कसा? बाबांसमोर हा विषय काढायची घरात कुणाची हिंमत नाही, म्हणून हे त्यांना विचारून दाखव, अशी मैत्रिणींनी पैज लावलीय. पण उत्तर मलाच माहितेय.

रुंद चाकं बसावीत म्हणून दादाने मडगार्डची कड कापली, पण माप मी घेतलं, तेही गाडी जॅकवर असताना. चाक खाली लोंबत होतं, म्हणून भरपूर जागा दिसली. "गाडी उतरवून परत बघ," दादा म्हणाला. "बघितलं रे, मी आहे ना!" मी चक्क थाप मारली. कड टायरला घासत राहिली, भर रस्त्यात टायर फुटला आणि दादाला अपघात झाला.

त्याचा पाय आता पूर्वीसारखा होणार नाही. बाबा, त्याचीच चूक समजून तुम्ही त्याच्याशी बोलणं टाकलंत, तरी त्याने माझं नाव घेतलं नाही.

किल्ली शेजारच्या काकूंकडे आहे. मी हॉस्पिटलमध्ये दादाजवळ राहायला जातेय. बाबा, तुम्ही त्याच्याशी बोलेपर्यंत मी घरी येणार नाही.