बिनआवाजाचं मशीन

७ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हिरवळ पिवळी पडल्याचं तुझं गाऱ्हाणं वाचलं आणि लगेच तुमच्या गावातल्या एका कंपनीशी बोलून मोकळा झालो. भावोजी गेल्यापासून त्या गवतापायी तू एकटी वाकतेस, ते मला बघवत नाही.

ही माणसं आधी माती तपासतात, मग खत ठरवतात. तण काढतात, किडीवर नजर ठेवतात. माती घट्ट झाली असेल तर यंत्राने बारीक भोकं पाडतात, म्हणजे मुळांना हवा लागते. टक्कल पडलं असेल तिथे नवं बी टाकतात. (हे ऐकून माझा हात आपोआप डोक्यावर गेला.) कापणीला तुझ्या सवयीचा रविवारच मागून घेतलाय. मशीन बॅटरीवरचं; धूर नाही, वास नाही, आवाज नाही. ते येऊन गेल्याचं तुला कळायचंही नाही!

तू आता नुसते हुकूम सोड. आहे तो लोभ कमी करू नकोस.
तुझा,
धाकटा

२० मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

माणसं गुणी आहेत. त्यांच्या सुपरवायझरबाई गुडघे टेकून गवत बघत होत्या. म्हणाल्या, हे कापलेलं नाही, हजामत केलीय. इतकं खुरटं ठेवलं की पिवळं पडणारच. मी आपली ह्यांच्याच मापाने कात्रीने कापत आले; ह्यांना ऐकवायला हवं होतं!

पण रविवारी मी स्वयंपाकघरात कान देऊन बसले, आणि बाहेर येऊन बघते तर मंडळी काम आटोपून निघालीसुद्धा. मला रडूच आलं.

ह्यांचं पेट्रोलचं मशीन दोरी ओढताना रुसायचं आणि सुरू झालं की गल्ली डोक्यावर घ्यायचं. चहा झाला की मी खिडकीतून हाका मारायचे. ह्यांना ढिम्म ऐकू जायचं नाही. मग मी घसा फाटेस्तोवर ओरडायचे, वर चिडायचे. आमचा चहा झाला की शेजाऱ्यांना आधी कळायचं. आता कित्येक महिन्यांत मी कुणाला मोठ्याने हाक मारलेली नाही रे. घरात मारू कुणाला? ह्यांची फार आठवण येते.

सुपरवायझरबाईंना विचारलं, आवाजाचं मशीन आणाल का? त्या बघतच राहिल्या. आवाज होतो म्हणून लोक तक्रार करतात, होत नाही म्हणून करणारी मी पहिलीच. तसलं मशीन आता त्यांच्याकडे नाही. तेव्हा कापणी तरी बंद कर. वेडी म्हण हवं तर, पण रागावू नकोस.

तब्येतीला जप. माया आहेच, तुझीही राहू दे.
तुझी,
ताई

२८ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र हिला हसत हसत वाचून दाखवायला घेतलं. ती हसली नाही. मग पुढचं मला वाचवेना.

कंपनीला कळवलंय: माती, खत, तण, बी त्यांच्याकडे, कापणी आपल्याकडे. सुपरवायझरबाईंनी एवढंच बजावलंय की पातं वर ठेवा. शेडमधलं भावोजींचं मशीन बघायला मेकॅनिक येईल, त्याला चहा पाज. आणि येत्या रविवारी मी येतोय. दर रविवारी जमणार नाही, पण महिन्यातून एकदा नक्की येईन. भावोजींची सर मला येणार नाही. गवतातल्या रेघाही वाकड्यातिकड्या होतील, त्यावरून बोलणी खाईन.

अशीच हक्काने कामं सांगत राहा.
तुझा,
धाकटा

ता. क. चहा झाला की खिडकीतूनच हाक मार. मला ऐकू येणार नाही. ओरड.