चाकाची कुबडी

४ फेब्रुवारी

वही, उशीर झाला, रागावू नकोस. बारा दिवस तुला उघडलं नाही. कारण लाजिरवाणं आहे – अक्षर. चौथीत शाळा सुटली, पण अक्षर असं की मास्तरांनी पाटी वर्गभर फिरवली होती. आता ओळीवर मुंग्या सांडल्यासारख्या दिसतात. उजवा हात हलतो. कप दोन्ही हातांनी धरतो आणि हिला सांगतो, गारठा आहे.

आज पटाशीला धार लागली नाही. चाळीस वर्षं गप्पा मारत लावली! आज तीनदा दगडावर घासली, तिन्ही वेळा तिरकी. हे गिऱ्हाइकांना कळलं तर? सुताराची पटाशी बोथट म्हणजे संपलंच.

६ फेब्रुवारी

हत्यारांच्या दुकानापर्यंत गेलो आणि पायरीवरून परत आलो. मला हवी होती ती चाकाची पकड. तिच्यात पटाशी आवळायची आणि चाक दगडावर पुढेमागे फिरवायचं. हात कसाही असो, धार सरळ.

पण तिथे कुठल्या तोंडानं मागू? सहा वर्षांपूर्वी मुलानं हीच पकड त्याच काउंटरवर मागितली होती. चारपाच गिऱ्हाइकं उभी होती. मी म्हणालो, "कुबडी घे, कुबडी! हातातच धार नाही, दगड काय करणार?" लोक हसले. मीही हसलो. त्यानं पकड खाली ठेवली. आठवड्यानं माझ्या कारखान्याची किल्ली खिळ्यावर अडकवून गाव सोडलं. तेव्हापासून मी त्या दुकानात स्क्रू तेवढे घेतो. हवापाण्याचंही बोलत नाही.

त्याचा फोन हिला येतो. मला माहीत नाही असं ही समजते. कपडे वाळत घालायला गच्चीवर जायची आणि चार कपड्यांना अर्धा तास लावायची. मी विचारत नसे.

गेले दोन महिने ही पाच मिनिटांत खाली येते.

७ फेब्रुवारी

सुतारकामाचं प्रदर्शन भरलंय. उद्या शेवटचा दिवस. तिथे मला कोण ओळखतंय! हिला सांगितलं, डोळे तपासायला जातोय.

८ फेब्रुवारी

केवढा तो मांडव! लाकडाचा वास आणि दिव्यांचा झगमगाट. दुकानात वस्तू खणातून निघते, कागदात गुंडाळलेली, आणि वर दहा प्रश्न. इथे सगळं उघड्यावर. हात लावा, घासून बघा, आवडलं तर घ्या.

एका स्टॉलवरच्या बाईनं माझ्या हातात पटाशी आवळलेली पकड दिली. हाताकडे पाहिलं आणि म्हणाली, "चाकावर सोडा काका, जोर लावू नका." दहा वेळा फिरवली आणि पात्यानं मनगटावरचे केस साफ! डोळ्यांत पाणी आलं. बाईला वाटलं लाकडाचा भुसा गेला. तिनं फुंकर घालू का विचारलं.

घेतली. बसमध्ये सारखी खिसा चाचपत होतो.

९ फेब्रुवारी

फसवलं. घरच्या दगडावर चालत नाही. पटाशीची धार मधेच फुगते, कोपरे खाल्ल्यासारखे होतात. स्क्रू आवळून पाहिला, ढिला करून पाहिला. सकाळ गेली. ही दारात येऊन म्हणाली, "डोळ्यांच्या डॉक्टरनं खेळणं दिलंय वाटतं." ती हसलीसुद्धा नाही.

१० फेब्रुवारी

तक्रार करायला गेलो. मांडव रिकामा. खुर्च्या एकावर एक रचलेल्या, एक माणूस भुसा झाडत होता. म्हणाला, ते गेले सगळे, पुढच्या वर्षी या. कुठे गेले, त्याला ठाऊक नाही.

दुकान निदान दुसऱ्या दिवशी जागेवर असतं.

१२ फेब्रुवारी

आज लिहायचं धाडस नव्हतं, पण लिहितो.

दगड धुतला आणि त्यावर पोलादी पट्टी उभी धरली. खालून उजेड आला. मधे एवढा खड्डा की करंगळीचं नख जाईल! पकडीचा दोष नव्हता. दगड खोलगट झालाय, कधीचाच. मी त्या खड्ड्याबरोबर म्हातारा झालो, माझं मनगट त्याला शिकलं, कोपऱ्यांवर आपोआप वेगळा दाब द्यायला लागलं. चाकाला ती सवय कुठून असणार? मुलाच्या हाताला तरी कुठून असणार?

तो म्हणायचा, "बाबा, दगडाला खड्डा पडलाय. एकदा पट्टी लावून बघा." वर्षभर म्हणत होता. मी म्हणायचो, नाचता येईना अंगण वाकडं.

अंगण वाकडंच होतं. माझंच.

१३ फेब्रुवारी

दगड पिशवीत घालून दुकानात गेलो. दुकान बंद, दाराला कुलूप. पायरीवर बसून राहिलो जरा वेळ.

१४ फेब्रुवारी

दुकानदाराचा चष्मा कपाळावर, आणि तो काउंटरवर चष्माच शोधत होता. मी दगड पुढे ठेवला आणि एका दमात सगळं सांगितलं. हात, पकड, खड्डा. नेहमी थट्टा करणारा माणूस, आज नाही केली. खालचा खण ओढला आणि वर्तमानपत्रात बांधलेलं पुडकं दिलं. कागद पिवळा पडलेला. आत चाकाची पकड आणि दगड सपाट करायची लोखंडी पाटी.

"तुम्ही हसलात त्याच्या दुसऱ्या दिवशी येऊन घेऊन ठेवलं त्यानं," दुकानदार म्हणाला. "तुम्ही आपणहून मागाल तेव्हाच द्यायचं, अशी शपथ घातलीय. त्याला स्वतःला नको होतं हो, मिस्त्री. म्हणाला, बाबांचा हात हलायला लागलाय. त्यांना अजून कळलेलं नाही."

१५ फेब्रुवारी

हिच्याकडे नंबर मागितला. हिनं न विचारता दिला. म्हणाली, "दोन महिने झाले, लागत नाही." आम्ही दोघांनी मिळून पुन्हा लावला, नाही लागला.

मुला, ही वही तुझ्या हाती पडणार नाही, तरी लिहितो. दगड सपाट केला. पट्टीखाली उजेड नाही. तुझ्या आईला गच्चीवर उशीर होऊ दे, मी काही विचारणार नाही. पण कुठे आहेस ते लवकर कळव.