चुलाण पेटलेलं नव्हतं

तिसरी रांग, बोस
मंगळवार, २९ मार्च १९५५

प्रिय व्हालेरदादा,

तुझा गिरणीतला खोकला कमी झाला असेल अशी आशा आहे. आम्ही सगळे ठीक. अक्षरं मुद्दाम मोठी काढली आहेत. सावकाश वाच, पण एकट्याने वाच. हे कुणाकडून वाचून घेऊ नकोस.

आधी एक चूक दुरुस्त करते. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं, की पाक बुडाला लागला म्हणून गुऱ्हाळात करपल्याचा वास आला. ते खरं नाही. त्या दिवशी चुलाण पेटलेलंच नव्हतं. बाबांनी काहील घासून उपडी घातली होती. तरी वास आला. आधी आईला, मग मला. तुला भीती वाटू नये म्हणून कारण मी बनवलं. तेव्हापासून नीट झोप नाही.

हंगाम चांगला आहे. रात्री गोठतं, सकाळी ऊन पडतं आणि मेपलच्या झाडांखालच्या रसाच्या बादल्या जेवणाच्या आत काठोकाठ भरतात. घोडा पोटापर्यंत बर्फात रुततो. मी माझ्या शाळेतली मुलं गुऱ्हाळात घेऊन गेले होते. बर्फावर ओतलेला पाक काडीला गुंडाळून त्यांनी इतका खाल्ला की तेलेस्फोरकाका म्हणाले, "मास्तरीणबाई, उद्या एकाचाही जबडा उघडायचा नाही. खुशाल झोपा वर्गात!"

बाबा हसले. तू गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. तेवढ्यात काहिलीत फेस चढला आणि ते हसू तिथेच विझलं. अजून असंच होतं, दादा. जळालेल्याच्या जागी गुऱ्हाळ नवं बांधलं, पण जागा तीच. फेस चढला की सगळे ओनेझिमआजोबांचं बाकडं असायचं त्या कोपऱ्याकडे बघतात.

आता शुक्रवारचं सांगते.

आगीनंतर आई यंदाच गुऱ्हाळात येऊ लागली आहे. शुक्रवारी ती वाटाण्याचं सूप घेऊन आली आणि दारातच थबकली. काहिलीवर दोरीला खारवलेल्या चरबीचा तुकडा टांगला होता.

"आज शुक्रवार. उपवासकाळ चाललाय. ते मांस उतरवा."

"अगं, कुणी खातंय का ते?" बाबा म्हणाले. "फेस तिथवर चढला की चरबीला लागून खाली बसतो. उतरवलं तर सगळं पुन्हा..."

आई सूप ठेवून बाहेर गेली.

बराच वेळ आली नाही, म्हणून मी बघायला गेले. ती गुऱ्हाळामागे गुडघ्यांवर बसून उघड्या हातांनी बर्फ उकरत होती. दर वसंतात ती तिथे जाते हे माझ्या पत्रांतून तुलाही ठाऊक आहे. आजोबांसाठी प्रार्थना करते, असंच आपण समजत होतो.

"आई, काय शोधतेस?"

"इथेच टाकला होता गं. खिशातून काढून."

मग तिने सांगितलं. आग लागली त्या गुड फ्रायडेला तू लाकडं आणायला बाहेर पडलास तेव्हा ती आत होती. आजोबा बाकड्यावर पेंगत होते. ज्या दिवशी ख्रिस्त मेला त्या दिवशी पाकाला मांस शिवू नये, म्हणून तिने दोरीवरचा तुकडा उतरवला, एप्रनच्या खिशात घातला आणि ती घराकडे निघाली. फेस चुलाणात उतू जाऊन भडका उडाला तेव्हा फेसाला अडवणारं वर काहीच नव्हतं.

बाबा रांगेतल्या सगळ्या शेजाऱ्यांसमोर तुला काय म्हणाले होते ते मला तोंडपाठ आहे. "चरबी टांगलेली असताना, चार लाकडं आणेपर्यंत फेस उतू जात नाही. तू झोपला होतास. माझ्या बापाला तू जाळलंस." तू किती वेळा म्हणालास की माझा डोळा लागला नव्हता! आणि नाताळात तूच पत्रात लिहवून घेतलंस, "कदाचित लागलाही असेल." ते वाचून मी रडले होते, पण तेव्हा माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं.

नाही लागला, दादा. तुझा डोळा लागला नव्हता.

आईचा राग करू नकोस, असं मी कोणत्या तोंडाने सांगू? तिने माझा हात धरून विचारलं, "तू आपल्या घरातली पहिली शिकलेली. तूच सांग, उतरवणं मोठं पाप, की गप्प बसणं?" तिचे हात बर्फासारखे गार होते. मठातल्या शाळेत मला पुष्कळ पाठ करून घेतलं, पण हे कुणी शिकवलं नाही. मी म्हणाले, "उतरवणं पाप नव्हतं, आई." दुसऱ्याबद्दल बोलले नाही. तिला ते कळलं.

काल मी तिला म्हणाले, बाबांना तू सांग. ती म्हणाली, "ईस्टर होऊ दे. नाहीतर हंगाम संपू दे." हंगाम तीनदा संपला, दादा. आईला उघडं पाडणारी मी कोण, हा प्रश्न मी रोज स्वतःला विचारते. उत्तर मिळेपर्यंत थांबले तर मीही तिच्यासारखीच बर्फ उकरत बसेन.

येत्या रविवारी चर्चमधल्या मिस्सेनंतर सगळी रांग आपल्या गुऱ्हाळात जमणार आहे. तुझ्यावर ठपका ठेवला तेव्हा जे हजर होते, ते सगळे. आई बोलली तर तिचा हात धरून उभी राहीन. नाही बोलली, तरी तिचा हात धरूनच मी बोलेन.

तू झोपला नव्हतास हे आज आईशिवाय जाणणारी एकटी,
तुझी नोएला

ता. क. ईस्टरच्या आधीचा झावळ्यांचा रविवार, ३ एप्रिल. त्या दिवशी.