शांत माणसाला गोळी कशाला

१० ऑक्टोबर १९७८
प्लासिडभाऊला जाऊन आठवडा. वाडीत पाणी सोडताना पडला तो उठला नाही. आम्ही दोघेच भाऊ. बायकोने, आग्नेसने, मलाही डॉक्टरकडे ओढत नेले. प्रेशर १९०. गोळी घ्या म्हणाले, जन्मभर. प्रेशर रागीट लोकांना असते, मी तर बोलतही नाही. परत येताना सायकल पंक्चर. तिची घंटी दगडाने ठेचली. बरे वाटले.

११ ऑक्टोबर
शांतपणे विचार केला. फायदा : अर्धांगवायू टळतो म्हणे. तोटे : चक्कर, सुस्ती, आणि एकदा धरली की सुटत नाही. शिवाय भाऊ रोज घ्यायचा, तरी गेला. निकाल स्पष्ट.
आग्नेसने डाळीत मीठ घातले नाही. ताट भिंतीवर गेले.

१५ ऑक्टोबर
थेरेसावहिनी रडत सांगत होती, भाऊच्या रविवारच्या कोटात गोळ्यांची बाटली सापडली. सीलही फोडलेले नाही. म्हणजे बाटली खिशात असूनही माणूस वाचत नाही.


१९ ऑक्टोबर
शेजारच्या रुडॉल्फची बकरी भाऊच्या केळीत शिरली. कोयता घेऊन धावलो. भाऊने लावलेल्या सात केळी आडव्या झाल्या, केळ्यांच्या लोंगरासकट. बकरी सुखरूप.
नंतर बराच वेळ बांधावर बसलो. डोळ्यांत चीक गेला असावा, पाणी थांबेना.

३ नोव्हेंबर
चर्चमध्ये भाऊची महिन्याची मिस्सा, त्याच्या आत्म्यासाठी प्रार्थना. आज तोंडातून शब्द काढायचा नाही असे ठरवून गेलो. फादरांनी मयताचे नाव वाचले : सिप्रियन. सिप्रियन म्हणजे आमचा चुलतभाऊ. पहिल्या बाकावर, जिवंत. बाहेर आल्यावर म्हणतो, "काय रे आलोशियस, भावाची मिस्सा मला दिलीस?" लोक हसले.
ठरल्याप्रमाणे मी शब्द काढला नाही. त्याची मान धरली आणि डोके क्रुसाच्या चौथऱ्यावर आपटले. दोनदा. चौघांनी सोडवले. रक्त आले, त्याचे.
घरी आग्नेस म्हणाली, "वहिनीसारखी मलाही काळ्या कपड्यांत बसवायची आहे का तुम्हाला?" गोळीचे उद्या बघू म्हटले.
उजव्या हाताला मुंग्या. मान फार जोरात धरली होती.

२४ नोव्हेंबर
डाव्या हाताने लिहितो आहे.
सिप्रियन रोज येतो, उचलून खुर्चीत बसवतो. कपाळावर टाक्यांची खूण आहे.
सकाळी आग्नेसने गोळी जिभेवर ठेवली, मिस्सेत फादर पवित्र भाकर ठेवतात तशी. सवयीने आमेन म्हणायला गेलो.
‘आ’ एवढेच आले.