टिफिनच्या झाकणातल्या गोळ्या

११ नोव्हेंबर, मंगळवार
दवाखान्यातून आली. लय खुश आहो आज. ऋतुजा, माही नात, डॉक्टर झाली, आता आणखी मोठं शिकून राहिली. तिच्या मॅडमच्या अभ्यासात माह्यं नाव घेतलं! हृदय कमजोर झालेले लोकं मरू नये म्हणून नवीन गोळी आहे, ते खरंच काम करते का ते पाहतात. अर्ध्या लोकाइले खरी, अर्ध्याइले तशीच दिसणारी, पण आत काहीच नाई. जुन्या गोळ्या चालूच. चौथी पास बाई अन् अभ्यासात!
कोणाले कोणती हे डॉक्टरलेही मालूम नाई म्हणते. मंग मालूम कोणाले? ऋतुजा म्हणे, "कॉम्प्युटरले." घ्या आता.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
दवाखान्याच्या बाकावर वेणू भेटली, उमरेडची. ती "जय भीम" म्हणे, मी "राम राम". तीही अभ्यासातच, गोळ्याइची डबी सेम टू सेम. नवरा हातमागावर विणे, आता त्याले दिसत नाई. सकाळच्या यष्टीनं एकटी येते. पाय टम्म सुजलेले, चपलीत शिरत नाई. मी संत्रं सोलून दिलं, तिनं भाकर अन् लसणाची चटणी. काय भाकर होती! आमच्या इकडं शहरात, प्रताप नगरात अशी कोणाले थापताच येत नाई. सुनेले म्हटलं तं तोंड फुगवलं तिनं.

२ डिसेंबर, मंगळवार
माह्येही पाय सुजत होते, आता हलके झाले. भाजी आणाले पायी गेल्ती. वेणूचे पाय तसेच.
"तुले खरी भेटली वं बाई. मले नकलीच." हसली, पण डोळे भरले. म्हणे, "मी गेली तं म्हाताऱ्याले घास कोण भरवन?"
मले पाहवलं नाई. म्हटलं, "आण तुही डबी." दोघींच्या गोळ्या टिफिनच्या झाकणात ओतल्या, हातानं कालवल्या, अर्ध्या तिले अर्ध्या मले. भाकर वाटून खातो तं गोळी काहून नाई? घरी येतपर्यंत गाणं म्हणत आली.

१६ डिसेंबर, मंगळवार
वेणूची सूज उतरली!! नवीन चप्पल घालून आली, पाय पुढं करू करू दाखवे. मले मात्र जिन्यावर दम लागला. मंग खरी कोणाची होती? माही असन तं... नाई, तसं नाई. तिची असती तं आधी काहून सुजली?
वरून म्हणते कशी, "पापड-लोणचं बंद केलं मी. डॉक्टरीण रागावली नं."
हे आता सांगते! गोळीनं उतरली का मीठ सोडल्यानं? डोकं भणभणून राहिलं.

२१ डिसेंबर, रविवार
ऋतुजा जेवाले आली. पाटवडी केली तिच्यासाठी. वाढता वाढता विचारलं, "समजा, दोन बायाइनं गोळ्या मिसळल्या तं?"
घास हातातच राहिला तिचा. "कोणत्या बाया, आजी?"
"समजा म्हटलं नं वं."
म्हणे, "मंग काहीच कळणार नाई. चांगली गोळी बेकार ठरन, नाई तं बेकार गोळी चांगली. पुढच्या पेशंटाइले काय देऊ आम्ही? अन् त्या बायाइलेही धोका. काय पोटात गेलं हे मॅडमले मालूम नसन तं इलाज कसा करतीन?"
"अभ्यासातून काढून टाकतीन का त्याइले?"
"ते मॅडम ठरवतीन. पण सांगून दिलं तं रागावत नाई कोणी."
माह्याकडं पाहतच राहिली. मी रस्सा वाढत राहिली. ताट भरलेलंच, पण धड जेवली नाई पोरगी.

३० डिसेंबर, मंगळवार
बाकावरच लिहून राहिली, नंबर आहे आज. वेणूले सगळं सांगतलं, आज मॅडमले कबूल करतो हेही.
मंग म्हणे, "तुले काय वं, तुही नात डॉक्टर. मले काढलं अन् सूज वापस आली तं?"
मले मालूम नाई. कोणालेच नाई, म्हणूनच तं अभ्यास.
मंग तिनंच विचारलं, "त्या पुढच्या पेशंट कोण वं?"
"असतीन कोणी. तुह्या-माह्यासारख्या."
तिनं टिफिन उघडला. झाकणात दोन भाकरी ठेवल्या, मधात चटणी. आज गोळ्या नाई काढल्या, तिनंही अन् मीही.
नर्सनं माह्यं नाव घेतलं. वेणूनं माह्या हातावर हात ठेवला. थांब म्हणते का चल म्हणते, काही समजून नाई राहिलं. उठतो म्हटलं तं हात सोडत नाई, अन् चप्पल मात्र पायात घालून राहिली, माह्यासंगं आत याले.